फिर्यादीचा जामीन

चंपतरावांनी डोक्याची पट्टी सोडली, घडी करून बंडीच्या खिशात कोंबली आणि मगच वकिलाच्या ओट्यावर पाय ठेवला. मागून डोमाजीची बायको राहीबाई आली. दोघांमधून बैलगाडी जाईल एवढं अंतर तिने गावापासून आदिलाबादपर्यंत राखलं होतं.

सुधाकरराव वकिलांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग चंपतरावांकडे.

"बाई, जामीनदार आणायला सांगितलं होतं."

"आनला नं." राहीबाईने हनुवटीने दाखवलं.

"हे तर फिर्यादी! यांनीच तर तुझ्या नवऱ्याला आत टाकलं."

"मंग मी काय करू? माह्या भावाचं वावर राजुऱ्याकडं. जज्जसायेब म्हनले, ते आता दुसऱ्या राज्यात गेलं, त्याचा पट्टा इथं चालत नाई. अन् गावात सरकार नवं म्हून कोनी पुढं येत नाई."

"वावर तं जागच्या जागीच हाय, सायेब," चंपतराव पुटपुटले.

"वावर जागेवर आहे. राज्य सरकलं," वकील म्हणाले आणि पानाचा डबा ओढून घेतला.

भांडण धुऱ्याचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचं होतं, आणि दोघांच्या बापांपासूनचं होतं. यंदा धुऱ्यावरचं मोहाचं झाड फुललं, फुलं वेचायची कोणी यावर बोलाचाली झाली आणि डोमाजीच्या हातची बैल हाकायची तुतारी चंपतरावांच्या कपाळाला लागली. लागली म्हणजे टेंगूळ आलं, थोडं रक्त आलं. पण निजामाच्या अमलापासून तक्रारीचा एक रिवाज होता. मारलं म्हणून कळवलं तर पोलीस अमीन खाटेवरून उठत नसे. जीव घेतला म्हणून कळवलं तर येई, दोन्ही घरच्या कोंबड्या खाई, दोघांनाही सारख्या शिव्या घाली आणि निघून जाई. गावात शांतता नांदे. त्या हिशेबाने चंपतराव डोळे मिटून, श्वास कोंडून बाजेवर पडले. चौघांनी बाज उचलली, बायकांनी गळा काढला, आणि ‘जिवे मारण्याच्या इराद्याने’ अशी फिर्याद लिहून झाली.

नवा फौजदार पार खालच्या तेलुगू मुलखातून, कृष्णेकडून आलेला. रिवाज त्याला कोणी सांगितला नव्हता. जे लिहिलं तेच त्याने खरं मानलं, डोमाजीला वावरातूनच उचललं आणि कोंबडीला हात लावला नाही. गावाला धक्का बसला तो इथे. सरकार बदललं हे ऐकलं सगळ्यांनी होतं, पटलं त्या दिवशी.

"मी खरं सांगून टाकतो कोर्टात," चंपतराव म्हणाले.

"सांगा की. मग तो बाहेर येईल, तुम्ही आत जाल. तुमच्यासाठी जामीनदार कुठून आणू? तुमचे सोयरेही राजुऱ्याकडचेच ना?"

चंपतरावांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. टेंगूळ केव्हाच बसलं होतं.

कोर्टात कारकुनाने नाव वाचलं तेव्हा मॅजिस्ट्रेटनी कागद एकदा पाहिला, पुन्हा पाहिला.

"फिर्यादी चंपतराव. जामीनदारही चंपतराव?"

"एकच हाय सायेब. मीच."

"त्याने तुला मारलं. तो सुटला तर तुला भीती नाही?"

"आत असला की जास्त भेव वाटते, सायेब. काय करून राह्यला ते दिसत नाई."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. पेशीच्या दर तारखेला त्याला हजर करावं लागेल, तो पळाला तर जमीन जप्त होईल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. चंपतरावांनी दोनदा मान हलवली आणि बापजाद्यांच्या वावराचा पट्टा पुढे सरकवून मुचलक्यावर अंगठा उठवला.

सुटकेचा हुकूम घेऊन वकिलांसह तिघे जेलच्या फाटकापाशी आले. राहीबाईला इतक्या दिवसांत मुलाकात मिळाली नव्हती. वकीलपत्रावरचा अंगठाही वकिलांच्या कारकुनानेच आतून आणलेला. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. चंपतराव चिंचेआड सरकले. काय बोलावं ते त्यांनी वाटभर घोकलं होतं.

मोठ्या फाटकातलं लहान दार उघडलं आणि डोमाजी वाकून बाहेर आला. डोकं तुळतुळीत भादरलेलं. मिशीही नाही.

"जेलात मिशाबी काढते का?" चंपतरावांनी शिपायाला विचारलं.

"हमने नहीं निकाली," शिपाई म्हणाला. "ये खुद नाई के पाँव पड़ा. बोला, घर में मय्यत हुई, बड़ा भाई गया."

डोमाजीला भाऊ नव्हता. चंपतरावांनी राहीबाईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि हलवता हलवता थांबली.

आवाज ऐकून डोमाजी वळला. चिंचेखाली उभ्या माणसाकडे बघत राहिला. मग एक एक पाऊल टाकत जवळ आला आणि त्यांचा दंड दोन बोटांनी चाचपला, बाजारात कापसाचं बोंड चाचपावं तसा.

"दादा?"

चंपतरावांनी दंड सोडवला नाही.

"तुमी तं बाजेवर... मले आत वाचून दाखवलं, जिवे मारलं म्हनून." मिशीशिवाय तो लहान पोरासारखा दिसत होता. "मी रोज माह्या भाकरीतला घास ठेवत होतो, दादा, तुमच्या नावानं. कावळा शिवतच नोता. म्हटलं, जीव धुऱ्यात अडकला असन. मंग काल हात जोडले. म्हटलं, धुरा तुमचा, मोह तुमचा, आता माहं काई नाई. म्हनल्याबरोबर शिवला."

वकिलांनी तोंडातलं पान चघळायचं थांबवलं.

फाटकातून शिपायाने वही पुढे धरली.

"जामीनदार चंपतराव, हाजिर है?"

चंपतरावांनी आधी स्वतःचा दंड चाचपला, मग वहीवर अंगठा उठवला.