उत्तनच्या माउसची तगमग

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. कुठल्याशा कारखान्यात माझ्या पोटात लाल दिवा बसवला, मागे वायर जोडली आणि एका कीबोर्डच्या शेजारी खोक्यात कोंबलं. तेव्हापासून त्या कीबोर्डचं आणि माझं पटलेलं नाही. एवढ्या कळा घेऊन तो दिवसभर ऐसपैस पसरलेला असतो आणि धावपळ मात्र माझी.

मीरा रोडच्या दुकानातून टॅनियाने मला उत्तनच्या कोळीवाड्यात आणलं, तिच्या कॉलेजसाठी. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन मीरा रोडच्याच बेव्हर्ली पार्कला राहायला गेली. जाताना कॉम्प्युटर आईच्या, म्हणजे डॉरिसच्या स्वाधीन केला. फोनवरची अक्षरं डॉरिसला मुंग्यांसारखी दिसत. या मोठ्या पडद्यावर मात्र ती रमली. टॅनियाने समुद्राच्या हवामानाची सरकारी वेबसाइट शोधून बुकमार्क करून दिली, म्हणजे रोज पत्ता टाइप करायला नको. सरकारी पत्त्याच्या शेवटी बहुतेक ‘गव्ह डॉट इन’ असतं, ते आधी बघायचं आणि मगच विश्वास ठेवायचा, हेही बजावलं.

मग काय, माझा भाव वधारला. रोज सकाळी डॉरिस मला धरून लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग बघायची आणि नवऱ्याला सांगायची. मायकेल आणि त्यांचा मुलगा रॉयस्टन तिच्या शब्दावर मासेमारीची बोट बाहेर काढायचे. गल्लीतल्या बायकाही यायच्या. कोणाला विजेचं बिल बघायचं असे, कोणाला भरतीची वेळ. डॉरिस ऐटीत मला फिरवायची आणि बायका तिच्याकडे कौतुकाने बघायच्या. खरं सांगतो, त्यातलं थोडं कौतुक मी माझ्या नावावर जमा करत असे.

पुढे तिचा उजवा हात थरथरू लागला.

घरात हे सगळ्यात आधी मला कळलं. दोनदा टिचकी मारायला जावं तर बोट भलतीकडेच पडे. उघडायचं ते बंद होई. पडद्यावरचा बाण सैरभैर धावे आणि मी कितीही जीव तोडला तरी सरळ चालता येईना. डॉरिसने ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. तिच्या सासूचा हात असाच थरथरायला लागला, तेव्हा मासे कापायची मोरली घरच्यांनी तिच्याकडून काढून घेतली होती. प्रेमानेच घेतली, पण ती म्हातारी त्यानंतर कशातच राहिली नाही. डॉरिसने त्याची धास्ती घेतली होती. कोणी आलं की ती हात गाऊनच्या खिशात घाली.

एका सकाळी बरीच झटापट करून तिने हवामानाचं पान उघडलं. पुन्हा ती झटापट नको, म्हणून ते बंदच केलं नाही. कॉम्प्युटरही नुसता झोपवून ठेवला. दुसऱ्या सकाळी मला हलकासा धक्का दिला, पडदा उजळला आणि पान समोर हजर. तिला हायसं वाटलं, मला मात्र घोर लागला. मित्रांनो, उघडं ठेवलेलं पान आपोआप ताजं होतंच असं नाही. काल उघडलं असेल, तर ते कालचंच सांगत बसतं. त्या दिवशी दर्या योगायोगाने शांत होता, म्हणून निभावलं.

त्याच्या पुढच्या सकाळीही तिने तेच पान वाचलं आणि मायकेलला जा म्हणून सांगितलं. बापलेक निघाले. मी टेबलावर नुसता तळमळत होतो. हिने परवापासून मला एकदाही दाबलं नाही, मग नवा अंदाज आला कुठून? पण मला तोंड कुठे आहे बोलायला.

ऑफिसला सुट्टी म्हणून टॅनिया त्याच सकाळी माहेरी आली. चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसली आणि पानाच्या कोपऱ्यातली तारीख बघून थबकली. मला हातही न लावता तिने कीबोर्डच्या वरच्या रांगेतली एफ-फाइव्ह ही कळ दाबली. पान क्षणभर पांढरं झालं आणि परत आलं ते लाल पट्टी घेऊन. दुपारपासून लाटा चढणार होत्या. बोटींनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा होता.

टॅनियाने वडिलांना फोन लावला. बोट बंदराबाहेर पडली होती, पण रेंज अजून होती. मायकेलने ते हसण्यावारी नेलं. मम्मीने सकाळीच बघितलंय, दर्या समोर शांत पडलाय, तू उगाच घाबरवू नकोस, असं त्याचं म्हणणं. बायकोच्या शब्दापुढे तो लेकीचं ऐकेना. डॉरिसचा हात माझ्यावर होता आणि तो इतका हलत होता की मीही तिच्याबरोबर टेबलावर खडखडत होतो. मी कासावीस झालो. शेवटी तिने फोन मागून घेतला.

“मायकेल, आज मी बघितला न्हाय,” ती म्हणाली. “माजा हात थरथरतो. मला पान उघडता येत न्हाय. तुला सांगितला तो अंदाज परवाचा हाय. रॉयस्टनला घेऊन माघारी ये.”

पलीकडे इंजिनचा आवाज मंदावला. मग मायकेलने विचारलं, “कवापासून थरथरतो?”

“पावसाच्या आधीपासून.”

मायकेलने बोट वळवली.

दुपारी दर्या खवळला तेव्हा बापलेक घरी जेवत होते. डॉरिस आपणहून म्हणाली की यापुढे रॉयस्टनच फोनवर बघेल, आपल्याला आता हे झेपत नाही. टॅनियाने ते मनावर घेतलं नाही. तिने आधी डॉक्टरची वेळ घेतली आणि मग आईचा डावा हात कीबोर्डवर ठेवला. पान ताजं करायला एफ-फाइव्ह. अक्षरं मोठी करायला कंट्रोल आणि अधिकची खूण. पान चुकून बंद झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबायचं, ते परत येतं. माझ्या सेटिंगमध्ये जाऊन दोन टिचक्यांमधला वेळही तिने वाढवला. माझं अर्धं काम असं त्या कीबोर्डकडे गेलं. माझा जळफळाट झाला, नाही असं नाही.

संध्याकाळी मायकेल टेबलापाशी आला. जन्मात त्याने कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. खुर्ची ओढून तो डॉरिसच्या उजवीकडे बसला आणि दोर ओढून राठ झालेला पंजा माझ्यावर ठेवला.

“तू वाच,” तो म्हणाला, “मी ह्याला फिरवतो.”

तेव्हापासून रोज डॉरिस डाव्या हाताने पान ताजं करते, आधी तारीख मोठ्याने वाचते आणि मग अंदाज. मायकेल मला इतक्या जोरात दाबतो की माझी हाडं कुरकुरतात. बाण अजूनही भलतीकडेच जातो आणि डॉरिस त्याला रागावते.

मित्रांनो, माझा दिवा मऊ कापडाने पुसा, माझी वायर ओढू नका, पानावरची तारीख बघितल्याशिवाय कशावर विसंबू नका. एवढं तर कराच. आणि तुमच्या घरात कोणाचा हात थरथरत असेल, तर त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. खुर्ची ओढा आणि त्यांच्या शेजारी बसा.