खांबाची जागा

"दिवा मंजूर झालाय सिस्टर, पण ज्याच्या दारात खांब येणार त्याची ना-हरकत सही हवी," नगरपालिकेच्या वीजखात्यातला कारकून म्हणाला आणि त्याने छापील कागद पुढे सरकवला. "खांब एकच आहे. एवढ्यावरच अडलंय बघा."

एवढ्यावरच! तीन वर्षं सिस्टर या टेबलाशी खेटे घालत होती. सरकारी दवाखान्यातली पाळी संपवून घरी यायला तिला अंधार पडायचा. गल्लीच्या वळणावर उघडं गटार. नवरा रोज टॉर्च घेऊन तिला आणायला यायचा. एका संध्याकाळी तोच त्या गटारात पडला. मांडीचं हाड मोडलं, ते धड जुळलंच नाही. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खाटेवर आणि ती अर्जांच्या मागे.

वळणावर शिकवणीवाल्या सरांचं घर होतं. त्यांच्या आईचं शेवटचं दुखणं सिस्टरनेच काढलेलं. दोन महिने रोज जाऊन पाठीवरच्या जखमा धुतल्या होत्या. कागद वाचून सरांनी चष्मा पुसला.

"दिवा हवाच हो! अर्जावर पहिली सही माझीच होती. पण खांब आमच्याच दारात कशाला? उजेड नेमका निजायच्या खोलीत येणार. किडे वेगळेच."

"सर, गटार तिथेच आहे."

"ते खरंय. पण समोर विचारून बघा ना."

समोरच्या बाईंना गाडीची चिंता. खांब आला तर ती आत वळवायची कशी?

"गाडी कधी घेतलीत?"

"घेतली नाही अजून. पण उद्या घेतली तर?"

त्यांच्या शेजारणीने सगळं ऐकून घेतलं, "हे घरी नाहीत," म्हणाली आणि दार लावलं. आतून ह्यांचा खोकला ऐकू येत होता.

आठवडाभर उंबरे झिजवून सिस्टर पुन्हा कारकुनासमोर उभी राहिली.

"आज सही नसेल तर खांब दुसऱ्या वस्तीत जाईल," तो म्हणाला. "मग पुन्हा पहिल्यापासून."

तिने त्याच्याचकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या घराचा नंबर लिहून सही केली. तिचं घर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

दिवा लागला तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली.

"शेवटी स्वतःच्या दारात नेलात की!" सर हसत म्हणाले. "आतल्या ओळखी असल्या की कामं होतात बुवा."

"तरीच एवढी धावपळ," कुणीतरी पुस्ती जोडली.

सिस्टरने पर्समधून तसाच दुसरा छापील कागद काढला. "सर, तुम्ही यावर सही दिलीत तर वळणासाठी आणखी एक मागता येईल."

सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांची शिकवणीची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा नवरा खाटेवर ताठ बसला होता. केससुद्धा विंचरलेले.

"शेवटची वीसेक पावलं दिसलीस मला," तो म्हणाला. "चालताना किती दिवसांनी पाहिलं तुला! आता वळणावरही नीट दिसत असेल, नाही?"

"दिसतं की," सिस्टर म्हणाली आणि मोरीपाशी गेली. अंधारात सरांची भिंत चाचपडताना तळहात खरचटला होता. नळ सोडून, त्याच्याकडे पाठ करून, ती तो बराच वेळ धूत राहिली.