पाण्याची पिशवी

मानाग्वा शहरातल्या चाळीस मोटारसायकलवाल्यांच्या सहकारी संस्थेसाठी याहोस्काने एकटीने ॲप लिहिलं होतं. सामान घरपोच करायचं ॲप. शनिवारच्या सभेत आता ते मोडीत काढायचं घाटत होतं. दुपारपर्यंत फोन तव्यासारखा तापायचा आणि ॲप मान टाकायचं. सगळ्यांत मोठी बोंब एवेनोरकाकांची. ते रस्त्यावर बर्फाच्या पाण्याची पिशवी विकत घेऊन फोनच्या पाठीला बांधत.

"पोरी, हे पाणी मी प्यायचं की तुझ्या ॲपने?" असं ते तिला चारचौघांत विचारत.

याहोस्काच्या टेबलावर मात्र ॲप गुणी बाळ होतं. एकदा त्यातून नकाशाचं ॲप उघडायचं, परत यायचं, मग आपलं ॲप बंद करायचं. असं पन्नासदा करूनही दोष सापडेना. शेवटी गुरुवारी ती काकांच्या मागे मोटारसायकलवर बसली.

पहिलाच पत्ता होता: पूर्वी चिंचेचं झाड होतं तिथून दोन चौक तळ्याकडे. झाड पडून तीस वर्षं झाली होती, पण शहरात पत्ते अजून अशाच जुन्या खुणांवरून सांगत. नकाशाला ते कुठलं ठाऊक! काका नकाशा उघडत, वैतागून परत येत, पत्ता वाचत, पुन्हा नकाशा, मग गिऱ्हाइकाला फोन, पुन्हा नकाशा. एका पार्सलसाठी अकरा वेळा.

"काका, हे रोजचंच?"

"मग? नकाशा बनवणाऱ्याने चिंच खाल्लीय कुठे?"

याहोस्काला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या आईच्या घराचा पत्तासुद्धा जळून गेलेल्या बेकरीपासून सुरू व्हायचा, आणि तिने तपासलं होतं एकेकदाच उघडून.

घरी येताच तिने ॲप बंद न करता लागोपाठ अकरा वेळा नकाशा उघडला आणि चोर हाती लागला. गाडी कुठे आहे यावर लक्ष ठेवायला ॲप फोनमध्ये एक पहारेकरी, म्हणजे छोटासा प्रोग्राम, नेमायचं. नकाशावरून परत आलं की दुसरा नेमायचं, पण पहिल्याला घरी पाठवायचं विसरायचं. दुपारपर्यंत शेकडो पहारेकरी फोनच्या उरावर बसत. तिने चार ओळी लिहिल्या: बाहेर जाताना पहारेकऱ्याला सुट्टी, परत आल्यावर एकच कामावर. मग अंगठा दुखेस्तोवर चारशे वेळा नकाशा उघडला. पहारेकरी एकच राहिला. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच खोलीभर नाचली.

शुक्रवारी नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर गेलं. शनिवारी चारला सभा भरली, तेव्हा एवेनोरकाका सर्वांत शेवटी आले, हातात पाण्याची पिशवी घेऊन. ती पिशवी पाहून याहोस्काला वाटलं, फोन अजून तापतोयच. अध्यक्षबाई म्हणाल्या, याहोस्काचं ॲप ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. कुणी हलेना, सगळे काकांकडे बघत राहिले.

काकांनी आपला फोन याहोस्काच्या तळहातावर ठेवला. सकाळपासून दोनशे वेळा नकाशा उघडलेला तो फोन गार होता.

"पिशवी सवयीने घेतली," काका म्हणाले. त्यांनी दातांनी तिचा कोपरा फाडला, सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि हात वर केला. मागोमाग उरलेले एकोणचाळीस हात वर गेले.