बुधवारचा दुपारचा खेळ

सिनेमाने स्टॅन मर्सरला सगळं दिलं. डोंगरावरचं घर, पोहायचा तलाव, दोन बायका आणि दोन घटस्फोट. तरी दर दोन-तीन वर्षांनी तो कॅलिफोर्निया सोडून न्यूयॉर्कला नाटकात उभा राहायचाच, आणि तिथे असला की बुधवारचा दुपारचा खेळ काही झालं तरी चुकवायचा नाही. मग अंगात ताप असो, नाहीतर सिनेमाचा निर्माता हातापाया पडो. "बुधवारी कोण येते रे तुझी?" असं नटमंडळी चिडवायची. तो हसून सोडून द्यायचा. पडदा वर गेला की त्याची नजर आधी मागच्या रांगांवरून फिरायची. बाई कसली, तो बापाला शोधायचा. ज्याने त्याला रंगमंचावर एकदाही पाहिलं नाही आणि ज्याला जाऊनही वर्षं लोटली, त्या बापाला.

बाप म्हणजे आन्तोनी माझुरेक. पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या भट्टीवर जन्म काढलेला, डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेला पोलिश माणूस. पोराने स्ताश माझुरेकचा स्टॅन मर्सर केला, तेव्हा म्हाताऱ्याने जेवता जेवता एवढंच विचारलं, "का रे, पाटीवर माझुरेक लिहायला रंग कमी पडत होता?" त्यानंतर पोरगा दर नाटकाला बोलवायचा आणि हा म्हणायचा, "बघू, परसातला कोबी निघू दे." कोबी दरवर्षी निघायचा. म्हातारा काही निघत नव्हता.

एकोणसाठ साली स्टॅनला ब्रॉडवेवर पहिली मोठी भूमिका मिळाली. कितीतरी महिने त्याने एक खेळ चुकवला नाही. मग एका बुधवारी सिनेमावाल्यांनी चाचणीला बोलावलं. घसा बसल्याचं सोंग करून तो गेला, आणि त्याच्या जागी बदली नट ड्वाइट उभा राहिला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते हेच.

संध्याकाळी स्टॅन खुशीत परतला. ड्वाइट रंगपटात काहीतरी खात बसला होता.

"घसा सुटला वाटतं?" त्याने डोळा मारला.

"सुटला. कसा झाला खेळ?"

"झाला बाबा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाची चिठ्ठी वाचून चार जण उठून गेले. पण मागच्या दाराशी एक म्हातारा थांबला होता, खास मला भेटायला. हात असा दाबला म्हणून सांगू! 'छान केलंस पोरा,' म्हणाला. मग विचारतो, 'पण ज्याचं हे काम आहे, तो बरा करतो का?'"

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, आजोबा, त्याच्यापुढे मी कोण? तो बोलायला लागला की आम्ही सगळे विंगेत येऊन बघतो. बराच वेळ नाक शिंकरत राहिला बिचारा. जाताना ही पिशवी दिली. खसखशीचा गोड रोल आहे, घे की. अर्धा मीच संपवला."

असा पोलिश रोल स्टॅनची बहीण घरी सणावारी करायची. "त्याच्या डाव्या हाताला..." त्याने विचारलं.

"दोन बोटं नव्हती. तुझ्या ओळखीचा आहे?"

स्टॅन तोंडाला रंग न लावता तसाच बसच्या अड्ड्यावर पळाला. बस केव्हाच सुटली होती. रात्रीचा खेळ त्याने कसा केला ते त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्याने घरी बापाला फोन लावला.

"ताता, काल काय केलंत?"

"काय करणार? कोबीला पाणी घातलं."

"कुठे गेला नव्हतात?"

"या गुडघ्यांनी?" म्हातारा म्हणाला. "तुझा खेळ होता ना काल?"

"होता."

"मग? केलास?"

खरं सांगावं, माफी मागावी, पुढच्या बसने या म्हणावं, असं स्टॅनच्या अगदी ओठांवर आलं. पण बाप एवढ्या वर्षांनी आला तेव्हा आपण सिनेमाच्या दारात उभे होतो, हे सांगायची त्याला लाज वाटली.

"केला, ताता."

आता फोन ठेवणार, असं स्टॅनला वाटलं.

"बरं करतोस म्हणे," म्हातारा म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"म्हणतात लोक. विंगेत येऊन बघतात म्हणे तुला."