डोळ्यावर झेंडूची माळ

मी एक जुना मोशन कंट्रोलर आहे. नाव इंग्रजी, पण काम सरळ आहे. मोटरला सांगायचं, किती सरक आणि कुठे थांब. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात संत्र्याच्या खोक्यांचा पुठ्ठा कापणारं यंत्र आहे, त्याच्या पेटीत मी राहतो. स्वभावाने जरा कडक आहे, आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, मला दिसत नाही. रजतदादा प्रोग्राम लिहून देतात, "शून्यापासून इतकं जा, पातं खाली आण." पण शून्य कुठे? ते मला रुळाच्या टोकाला बसवलेला एक छोटा डोळा, म्हणजे सेन्सर, सांगतो. रोज सकाळी पात्याची गाडी हळूहळू त्याच्याकडे जाते. ती समोर आली की डोळा इशारा देतो आणि मी ते शून्य धरतो. तो म्हणेल ती पूर्व दिशा!

पूर्वी मी त्यालाही तपासत असे. रोजच्या अंतराआधीच इशारा आला, तर लाल दिवा लावून थांबायचो. मग डोळ्यावर पुठ्ठ्याची धूळ साचली, तो चुकू लागला आणि मी सारखा अडू लागलो.

"काहून अडून राहिला गा हा?" रजतदादा वैतागले. फडक्याने डोळा पुसायचा सोडून त्यांनी माझी तपासणीच प्रोग्राममधून काढून टाकली. मी अडेनासा झालो. सगळे म्हणाले, किती शहाणा झाला! त्या कौतुकाचा मला भारी राग यायचा.

खांडेनवमीला यंत्राची पूजा झाली. यंत्र चालवणाऱ्या दीपमालाताईंनी मोठ्या प्रेमाने झेंडूची माळ घातली, ती नेमकी रुळाच्या टोकाला. दसऱ्याची सुट्टी संपली, यंत्र सुरू झालं. गाडी निघाली, हादऱ्याने माळ हलली आणि एक फूल डोळ्यासमोर आलं. इशारा आला. अर्ध्या वाटेतच! अंतर माझ्याकडे मोजलेलं होतं, पण थांबायची परवानगी नव्हती. मी तेच चुकीचं शून्य धरलं आणि पुढचा हुकूम पाळला.

पातं कधीच येत नाही अशा जागी यंत्रावर मदतीला असणाऱ्या शामलाताई पुठ्ठा सरळ करत होत्या. पातं तिथेच खाली येऊ लागलं.

"हात काढ वं शामले!" दीपमालाताई किंचाळल्या आणि त्यांनी लाल बटण दाबलं. पातं थांबलं. खळकन काहीतरी फुटलं.

"मले काही नाही झालं वं," शामलाताई म्हणाल्या, "बांगडी वाढली फक्त." दीपमालाताई त्यांचं मनगट धरून रडू लागल्या, "म्याच घातली वं ती माळ!"

रजतदादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माळेचं सोडा, ताई. हा थांबला असता. मीच त्याले थांबू नाही दिलं."

त्यांनी डोळा पुसला, माळ पेटीच्या कडीला बांधली, तपासणी परत चालू केली. तरी शामलाताई जवळ येईनात. मग सगळ्यांना दूर उभं करून रजतदादांनी एक फूल मुद्दाम डोळ्यासमोर लावलं आणि गाडी सोडली. इशारा लवकर आला. मी जागीच थांबलो, लाल दिवा लावला.

"थांबला वं!" शामलाताई हसल्या आणि त्याच हसण्यात रडल्या. काय सांगू, मलाही भरून आलं.

मित्रांनो, यंत्र अडलं की त्याचं तोंड बंद करू नका. हातात फडकं घ्या, नीट बघा, ते काय सांगतंय ते ऐका. तो हात दीपमालाताईंमुळे वाचला. दर वेळी शेजारी दीपमालाताई असतीलच असं नाही.