जमनाबेनचं नाव

वनमाळीशेठची जाहिरात अमेरिकेत दिसेनाशी झाली आणि ठपका आला माझ्यावर.

नव्याण्णव साली हेमराजभाऊंनी सुरतेतल्या उधन्यात साड्यांची वेबसाइट काढली. हेमराजभाऊ म्हणजे आमच्या ह्यांच्या लांबच्या नात्यातले. वेबसाइटचं कॉम्प्युटरवरचं काम मी बघायचे. फोटो बघून परदेशातले व्यापारी ऑर्डरी देतील, असा बेत. पानाच्या वर जाहिरातीची पट्टी. वनमाळीशेठनी पेढीला दिवंगत आईचं नाव दिलेलं, ‘जमनाबेन’. ते पट्टीवर उजवीकडून डावीकडे सरकत जायचं. कुणी पान उघडलं की जाहिरात एकदा दिसली, अशी नोंद व्हायची. बघणारे सगळे अमेरिकेतले, असं समजून शेठ त्या आकड्यावर खूश असत. दिवाळीनंतर आकडा निम्म्याच्याही खाली आला, तेव्हा भाऊ म्हणाले,

"बिघाड शोधा वहिनी, नाहीतर शेठ जातील."

शेठ गेले की माझा पगार जाणार, आणि पगार गेला की मी घरात. आमच्या डिंडोलीच्या खोलीत साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम वाट बघत होतं, सासूबाईही. कॉम्प्युटरवाल्या सुनेचं त्यांना कौतुक होतं, पण पगाराच्या दिवसापुरतं.

मी सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे मांडल्या. रात्रीचे बघणारे, म्हणजे अमेरिकेतले, आधीही तुरळक होते, आताही तेवढेच. आटली होती ती दुपार. दुपारी तर अमेरिका झोपलेली असते. शिवाय इथलं कापड मार्केट बंद असेल त्या दिवशी पूर्वीही दुपार कोरडीच जायची. म्हणजे बघणारा इथलाच, मार्केटातलाच. शेठचं दुकानही त्याच मार्केटात.

पट्टीचा रंग विचारायचं निमित्त काढून शेठच्या दुकानात गेले. शेठ नव्हते. कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं. तिथला नोकर हिलाल आमच्याच धुळ्याकडचा, तो म्हणाला, इथे शेठचे वडील, बापुजी, बसायचे. नाव सरकून गेलं की पान परत उघडायचे, दिवसभर. शेठना वाटे, बापुजी भाव बघतात. दिवाळीत जिन्यावरून पडले, तेव्हापासून घरी अंथरुणावर आहेत.

खरं सांगावं तर शेठ जाणार. लपवावं तर बिघाड माझाच. येऊन भाऊंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, याचीच मला भीती वाटली. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बापुजींच्या जागी आता तुम्ही बसा."

"भाऊ, ही फसवणूक झाली."

"मग जाऊन सांगा शेठना. बापुजी पडले, म्हणून अमेरिका पडली."

मी बसले. जमनाबेन आल्या, गेल्या. परत आल्या. म्हाताऱ्याला कंटाळा कसा येत नसेल, असं पहिल्या दिवशी वाटलं. नंतर काहीच वाटेना.

महिना भरल्यावर शेठ घारी मिठाईचा डबा घेऊन स्वतः आले. अमेरिका परत आली, म्हणाले. मी बापुजींची चौकशी केली.

"घरी कंटाळतात. सारखे दुकानात न्या म्हणतात. तिथे त्यांचं काय काम, बेन?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. मी घारीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. भरल्या तोंडानं कुणी बोलायची अपेक्षा करत नाही. भाऊंनी पुढच्या वर्षाच्या जाहिरातीचा कागद शेठपुढे सरकवला. शेठ खिसे चाचपू लागले, तेव्हा पेन मीच दिलं.