वाळवण नावाचं वळण

वळणावर लोखंडी खांब दोन होते, त्यांवर चार बाय तीन फुटांचा एक पत्रा, पत्र्याला बोल्ट आठ. त्यांतले सात घट्ट होते. अक्षरं शून्य. ती मी पुरवायची होती.

१९७९चा मार्च. यान्बूजवळच्या आमच्या कॅम्पकडे जाणारा कच्चा रस्ता सपाट वाळूत एका जागी उगाचच वळतो. त्या जागेला सगळे ‘वाळवण’ म्हणतात. येमेनी म्हणतात, फिलिपिनो म्हणतात, रस्ता सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवणारा तुर्कीही वायरलेसवर म्हणतो. गाव नाही, विहीर नाही, झाड नाही. नाव मात्र आहे. महिनाअखेर रियाधहून पाहणीवाले येणार, म्हणून वाटेवरच्या प्रत्येक जागेचं नाव आणि त्याचा इतिहास फलकावर लावायचं ठरलं. मी बीएस्सी, काँक्रीटचे ठोकळे दाबून त्यांची ताकद मोजणारा. रस्त्याचे इंजिनियर साठ्येसाहेब मला म्हणाले, “इंग्रजीत चाळीस शब्द. आणि खरं लिही. अरबी भाषांतर ऑफिस करून घेईल.”

साक्षी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी तिघांना वेगवेगळं विचारलं. दोघं म्हणाले, “केरूला विचार.” तिसरा उस्मान, दाभोळचा, पाण्याचा टँकर चालवणारा. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटला.

“अरे, गेल्या मे महिन्यात केरूने आगोट भरली!”

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मी म्हटलं, “इथे पाऊस कुठे पडतो?”

“ते त्याला सांग. मे लागला की त्याचे हात आपोआप मासळी वाळत घालायला लागतात. बंदरावरून सोळा किलो बारीक मासळी आणलीन. वाळवायला दोरी आणि खुंट्या हव्यात. रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या आयत्याच होत्या. शुक्रवार, सुट्टी. उपटल्या, वाऱ्याच्या तोंडाला रोवल्या, संध्याकाळी मासळी काढून खुंट्या परत जागेवर लावल्या.”

“मोजून?”

“डोळ्याने! शनिवारी ग्रेडर खुंट्या बघत बघत गेला, रस्ताही तसाच वळला.”

केरू शटरिंगचा सुतार, गुहागरकडचा, पन्नाशीचा. मी खुंट्यांचं नाव काढताच त्याचा रंधा थांबला.

“कोण बोलला? उस्मान्या? बीएस्सी, ऐक. वैशाखात माझ्या पारूचं लगीन आहे. सुट्टीचा कागद बावीस दिवस साहेबाच्या टेबलावर पडलाय. तू फळ्यावर माझी करणी लिहिलीस तर सही व्हायची नाय. मग कन्यादान काय उस्मान करील?”

“करीन की,” उस्मान दारातून म्हणाला. “पण पंगतीत सुकट वाढू नका.”

“तू गप रे!”

“केरूकाका, साहेबांनी खरं लिहायला सांगितलंय,” मी म्हणालो.

“मग खरं लिही. सगळं कशाला लिहितोस?”

दोन दिवस मी शब्द मोजत बसलो. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो.

“साहेब, नावाबरोबर वळणाचं कारणही लिहायचं का?”

“कुठलं वळण?”

“वाळवणचं.”

साहेबांनी नकाशा उलगडला आणि पेन्सिल फिरवली. “रस्ता सरळ आहे.”

“नकाशात आहे, साहेब. जमिनीवर...”

“जमिनीवरही आहे. तसा तपासणीचा दाखला आहे.” त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. “खाली सही कुणाची?”

सही त्यांचीच होती. तारीख ग्रेडर फिरला त्याच शनिवारची. त्या दिवशी साहेब वहिनींना आणायला जेद्दाच्या विमानतळावर गेले होते, हे कॅम्पात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही ते आत्ता आठवलं असावं. त्यांनी फाइल हळूच मिटली.

“त्या भागात खुंट्यांना हात कुणी लावला होता?”

“मी फक्त नावाचा इतिहास जमवतोय, साहेब.”

“केरूने ना? मला वास आला होता तेव्हा.” त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. “पाहणीवाले कामगारांनाही प्रश्न विचारतात. केरूला खोटं बोलता येतं?”

“नाही साहेब. हसू येतं त्याला.”

“मग तो इथे नको.” त्यांनी कागदांच्या चळतीतून केरूचा अर्ज काढला, सही केली आणि सुट्टीची तारीख पंधरा दिवस अलीकडे ओढली. “मुलीचं लग्न म्हणजे तयारी असतेच माणसाला.”

फलकावर मी लिहिलं: ‘या रस्त्याच्या कामगारांनी एका सुट्टीच्या दिवशी इथे मासळी वाळत घातली. वाळत घातलेल्या जिनसांना त्यांच्या भाषेत वाळवण म्हणतात. त्यावरून या जागेला हे नाव पडलं.’ इंग्रजीत याचे चाळीस शब्द झाले. खुंट्यांना जागा उरली नाही.

केरूला विमानतळावर सोडायला उस्मान निघाला, वळणापर्यंत मीही गेलो. तिथे केरूने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून एक डोळा मिटला आणि फळीची धार बघावी तसा रस्ता बघितला.

“उगाच बदनाम केलात मला. वीतभर असेल. वीतभरही नसेल.”

“दुसरा डोळा उघड आणि बस गाडीत,” उस्मान म्हणाला. “विमान तुझ्या खुंट्या बघून जात नाही.”

पाहणीवाले आले, फलकाशेजारी उभं राहून फोटो काढले आणि गेले. वैशाख संपता संपता केरूचं पत्र आलं: लग्न झालं, कन्यादान त्यानेच केलं, उस्मानला नमस्कार.

पुढच्या शुक्रवारी मी मोजणीची दुर्बीण, थिओडोलाइट, घेऊन वळणावर गेलो. दोन्ही टोकांचे आखणीचे मूळ दगड जागेवर होते. त्यांच्यामधून सरळ रेषा धरली, रस्त्याच्या मध्यापर्यंत तीनदा टेप लावली आणि सरासरी काढली.

चार मीटर एकाहत्तर सेंटिमीटर.